भाज्याहून आलेली बाटली

भाजे गावची हौसा नावाची मुलगी श्रावणात, नागपंचमी होऊन गेल्यावर, लोणावळ्याच्या आमच्या दवाखान्यात मरण पावली. ती सात-आठ वर्षांची होती. मृत्यू सकाळी झाला, पुण्याच्या गाडीची वाट पाहत असताना. आतडे तुंबून फुटले, असे कारण डॉक्टरांनी लिहिले. त्याआधी काही आठवडे तिला हगवणीचे औषध चालू होते. ते औषध आमच्याच दवाखान्यातून जात होते.

गोष्ट जर्मनीशी दुसरी लढाई सुरू होण्याआधीच्या वर्षांतली आहे. मी त्या दवाखान्यात नर्स होते. शिक्षण पुण्यात झालेले. बाळंतपणे, मलमपट्टी, बायका आणि मुले यांची तपासणी, एनिमा ही कामे माझ्याकडे असत. लोक मला बाई म्हणत. या अंकाच्या संपादकांनी ‘दवाखान्यातल्या गमती लिहा’ असे सुचवले होते. गमती होत्या. त्यांतल्या एक-दोन पुढे येतील, कारण हौसाचे प्रकरण त्यांच्यावाचून समजणार नाही.

आजच्या वाचकाला आधी बाटलीची पद्धत सांगितली पाहिजे. दवाखान्यात औषध पातळ मिळे आणि बाटली रोग्याने घरून आणायची असे. कंपौंडर तीत औषध भरून बूच लावी. मग कागदाची उभी पट्टी दुमडून कात्रीने कडा कातरी आणि ती बाटलीला चिकटवी. प्रत्येक कातरा म्हणजे एक घोट. ज्याला वाचता येत नाही त्यालाही किती घ्यायचे आणि किती उरले ते दिसे. कुसगावचा एक माळी सरबताची भली थोरली बाटली घेऊन यायचा. आमचे कंपौंडर गोविंदराव म्हणायचे, “अरे, औषध बाटलीच्या मापानं देत नाही, रोगाच्या मापानं देतो.” माळी म्हणायचा, “मग रोग बी मोठाच हाय की, रावसाहेब.”

पावसाळ्यात मावळातली माणसे दवाखान्यात येऊ शकत नसत. भाताच्या लावणीच्या दिवसांत घरातला एक माणूस कमी झाला तर खाचर तसेच राहते. आजारी माणसाला भर पावसात ओढ्यानाल्यांतून आणणेही सोपे नव्हते. म्हणून माणसाऐवजी बाटली येई. कोणीतरी लोणावळ्याला निघे, त्याच्याजवळ बाटली देत आणि तक्रार तोंडी सांगत. तो ती दवाखान्यात जशीच्या तशी सांगे. डॉक्टर ऐकून औषध सांगत, गोविंदराव भरून देत. हे बरोबर नाही, हे डॉक्टरांना माहीत होते. बाटली परत पाठवली तर रोग्याला काहीच मिळणार नाही, हेही माहीत होते.

भाज्याच्या बाटल्या रखमाजी आबा आणायचे. ते दुधाचा धंदा करत. गावातले दूध गोळा करून मळवली स्टेशनवर गाडी पकडायची, लोणावळ्यात बंगल्यांवर रतीब घालायचा आणि परतताना औषधे न्यायची, असा त्यांचा क्रम होता. वय साठीच्या पुढे. बाटल्या एका टोपलीत पेंढा घालून ठेवलेल्या असत. बाटल्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या गळ्याला त्या त्या घरच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे. आबांना लिहिता येत नव्हते, पण चिंधी हातात धरली की त्या घरची तक्रार त्यांना शब्दाशब्दाने आठवे.

“ही तांबडी. पाटलाच्या म्हातारीचा खोकला. निम्मा गेलाय, पर ती कबूल करत न्हाई. ही पिवळी. तुकारामाला हिवताप, पाळी आज हाय, म्हंजी आत्ता कुडकुडत असंल. ही ठिपक्याची. हिला काय झालंय त्ये हिलाच ठावं, रडती आन् जेवती, दोन्ही बी लय.”

“आबा, तुमचं स्वतःचं काही?” गोविंदराव विचारत.

“माजं? गावाचा रोग उचलता उचलता माजा कुटं पडला त्ये सापडंना.”

‘बाटली हलवून घ्यावी’ असे गोविंदरावांनी प्रत्येक वेळी बजावायचे आणि आबांनी, “आमची गाडीच हलवती, पैसं घेऊन,” असे उत्तर द्यायचे, हेही ठरलेले होते. आबांनी तक्रार सांगताना पदरची भर घातल्याचे मला कधी आढळले नाही. जे ऐकले तेच ते सांगत.

आषाढात त्यांनी हिरव्या चिंधीची बाटली नव्याने आणली.

“ही किसनच्या घरची. त्याची थोरली पोर, हौसा. पोटात काय ठरत न्हाई. पातळ होतंय. दिसभर गळतंय म्हना की. परकर भरत्यात. पोरीचा जीव उतरलाय.”

त्या दिवसांत खेड्यापाड्यांत हगवण होती. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीती लोकांना होती तशी आम्हालाही होती. डॉक्टरांनी विचारले, “ताप? उलटी?”

“न्हाई.”

“रक्त पडतं?”

“न्हाई म्हनली तिची आई.”

डॉक्टरांनी खडूचे औषध सांगितले. हे पांढरे असते, तळाशी गाळ बसतो. त्यात खडूची पूड आणि थोडा अफूचा अंश असे. खरी हगवण असली तर ते आतडे शांत करते आणि शौच बांधते. त्या पावसाळ्यात त्याने कित्येक मुलांना उतार पडला होता. हौसाची बाटली भरली, पट्टी लागली, हिरवी चिंधी टोपलीत गेली. पुढच्या खेपेला आबा म्हणाले, “कमी हाय, पर हाय.” बाटली पुन्हा भरली. असे काही वेळा झाले.

मुलांच्या बद्धकोष्ठाला लोक आजार मानत नाहीत. ‘पोट साफ नाही’ म्हणतात आणि एरंडेल देतात. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण काही मुलांत ते महिनोन्‌महिने चालते आणि त्याचा एक क्रम असतो. एकदा शौच कडक होते, दुखते, कधी चीर पडते. मूल दुखण्याला भिते आणि पुढच्या वेळी रोखून धरते. रोखलेले आणखी कडक होते, म्हणून आणखी दुखते. होता होता आतड्याच्या शेवटच्या भागात मोठा घट्ट गोळा तयार होतो आणि आतडे त्याच्याभोवती ताणून सैल पडते. मग मुलाला शौचाची भावनाच होत नाही. वरून येणारे पातळ शौच गोळ्याच्या कडेने वाट काढते आणि आपोआप बाहेर झिरपते. कपडे भरतात. मुलाला ते कळत नाही, थांबवताही येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हगवण दिसते. आत बंद असते.

पोटावर हात ठेवला तर गोळा हाताला लागतो. बाटलीवर हात ठेवून लागत नाही.

नागपंचमीनंतर रखमाजी आबा टोपलीशिवाय आले. त्यांच्याबरोबर किसन होता आणि त्याची बायको गंगू. किसनने मुलीला घोंगडीत गुंडाळून छातीशी धरले होते. मळवलीहून गाडीने आणले होते. बाहेर पाऊस होता. आबांनी डोक्यावरचे इरले मुलीवर धरले होते आणि स्वतः पूर्ण भिजले होते.

“बाई, आदी हिला बगा,” ते म्हणाले. रांगेतल्या कोणी हरकत घेतली नाही.

मी घोंगडी सोडली. हात-पाय काटकुळे, डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. पोट मात्र फुगून ताठ झालेले. पोटावर, दुखण्यावरचा घरगुती उपाय म्हणून, बिब्ब्याने डाग देऊन घातलेल्या फुल्यांच्या ओळी होत्या, काही जुन्या, काही ताज्या, फोड आलेल्या. उलटी हिरवट होत होती आणि तिला शौचाची घाण येत होती. डॉक्टरांनी पोट हलकेच दाबले. ते फळीसारखे लागले. मग त्यांनी खालून बोटाने तपासले. बोट लगेच अडले.

“ही हगवण नाही,” ते म्हणाले. “कधीच नव्हती.”

त्यांनी किसनला विचारले, “पोट दुखत होतं ना?”

“लय दुकत व्हतं. गडाबडा लोळायची. पर काल दुपारी एकदम थांबलं. आमास्नी वाटलं, देवानं आयकलं. हिनं पेज केली.”

“पेज प्याली?”

“दोन घोट. मग सगळीच भाईर आली.”

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. ताणलेले आतडे फुटले की ताण जातो आणि दुखणे काही काळ थांबते. त्यानंतर आतली घाण पोटभर पसरते. हे आम्हा दोघांना शिकवलेले होते. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात पोट उघडण्याची सोय होती. मुलीची नाडी मोजता येत नव्हती, इतकी बारीक होती. या अवस्थेत गाडीत घातली तर वाटेत जाईल, असे डॉक्टरांचे मत पडले. रात्रभर ठेवून, नाडी सावरली तर सकाळच्या गाडीने पाठवायचे ठरले. त्यांनी शिरेतून मिठाचे पाणी दिले. पुण्याच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहून ठेवली.

मुलीची माहिती गंगूकडून घेण्याचे काम माझे होते. दुखणे कधी सुरू झाले, हे तिला नेमके सांगता येईना. तिच्या बोलण्यावरून काढायचे तर आदल्या हिवाळ्यापासून हौसा भिंतीला धरून, पायांची अढी घालून, टाचा उचलून उभी राहायची. तोंड लाल व्हायचे. मग थोड्या वेळाने ती पुन्हा खेळायला जायची.

“आमी हसायचो, बाई. माजी जाऊ म्हनायची, हौसी नाचती बगा. पोरं भवती हुबी ऱ्हाऊन टाळ्या वाजवायची.”

अशी मुले शौच रोखताना अशीच उभी राहतात. पाहणाऱ्याला ते नाचणे वाटते. हे मी गंगूला त्या वेळी सांगितले नाही.

परकर भरू लागले ते उन्हाळ्याच्या शेवटी. थोरली पोर असून कपड्यात करते, म्हणून घरात राग होता. पोरे तिला जवळ बसू देईनात. जावेने तिचे अंथरूण चुलीच्या खोलीतून काढून गोठ्याकडच्या पडवीत घातले. हौसा आपला परकर आपणच ओढ्यावर धुवायची. कधी न धुताच पेंढ्यात लपवून ठेवायची. गंगूला ते सापडले की गंगू मारायची. मग कोणी म्हणाले हगवण लागली आहे. तेव्हा कुड्याच्या सालीचा काढा झाला, जायफळ उगाळून झाले आणि शेवटी बाटली आमच्याकडे आली.

“किती दिवस झाले, तिला घट्ट असं काही झालेलंच नाही?” मी विचारले.

“त्ये कोन बगतंय, बाई? पातळच व्हतंय म्हनल्यावर घट्टाचं कोन इचारतंय?”

मी तिला सांगितले, ते असे: आत गोळा अडकला होता. जे बाहेर येत होते ते कडेने झिरपत होते. हौसा ते करत नव्हती. तिला ते कळतही नव्हते.

“म्हंजी मुद्दाम न्हाई?”

“नाही.”

“आळसानं बी न्हाई?”

“नाही, गंगूबाई.”

ती उठून खाटेपाशी गेली. मुलगी शुद्धीवर होती. गंगूने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“हौसे, बाई म्हनत्यात तू न्हाई केलंस.”

हौसा म्हणाली, “मी सांगतच व्हते.”

त्यानंतर तिने पाणी मागितले. पाणी देता येत नव्हते. मी ओले फडके तिच्या ओठांना लावले. पुढे ती जे काही बोलली ते पाण्याविषयीच होते.

सकाळी पुण्याची गाडी यायच्या आधी ती गेली. किसन तेव्हा स्टेशनवर गाडीची चौकशी करायला गेला होता. पोट उघडून तपासणी झाली नाही. त्यामुळे आतड्यात जन्मापासूनच काही दोष होता की सगळे रोखून धरण्यातून वाढत गेले, हे सांगता येत नाही. खडूच्या औषधाने आणि काढ्याने गोळा पक्का झाला, असे डॉक्टरांचे मत होते. तसे त्यांनी वरिष्ठांना कळवले. चौकशी झाली की नाही, ते मला माहीत नाही.

पुढच्या बाजाराला किसन एकटा आला. रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने हिरव्या चिंधीची बाटली गोविंदरावांपुढे ठेवली. औषध शिल्लक होते.

“हे उरलंय,” तो म्हणाला. “वाया कशाला घालवायचं? कुनाच्या तरी पोराला उपेगी पडंल.”

गोविंदरावांनी बाटली मोरीत ओतली. तळाचा पांढरा गाळ निघेना, म्हणून गरम पाणी घालून पुन्हा पुन्हा खळखळून धुतली. किसन थांबून राहिला. बाटली त्याच्या घरची होती. ती घेऊन तो गेला.

त्यानंतर डॉक्टरांनी नियम केला की मुलाला पाहिल्याशिवाय मुलाची बाटली भरायची नाही. रखमाजी आबांनी त्यावर भांडण काढले. हौसासाठी त्यांनी स्वतः इरले धरले होते, तरी काढले.

“डाक्टर, नेम तुमचा बरूबर हाय. पर लावनी सोडून कोन येनार? पोरं काय टोपलीत घालून आनू? दुदाशेजारी?”

“आणा,” डॉक्टर म्हणाले.

“आनि जी येनार न्हाईत?”

नियम राहिला. आबांनी खरोखरच टोपलीतून मुले आणली. एकदा तर दोन आणली, एक रडणारे आणि एक झोपलेले. “ह्यातलं आजारी कुटलं त्ये तुमी वळका,” म्हणाले. आजारी झोपलेले निघाले. काही मुलांना गोळे सापडले. त्यांना मी तेलाचा आणि साबणाच्या पाण्याचा एनिमा दिला, थोड्या थोड्या दिवसांनी बोलावले. त्यांच्या आयांना सांगितले की मुलाला मारू नका, रोज जेवणानंतर थोडा वेळ शौचाला बसवा, घाई करू नका, पाणी पाजा. बहुतेकांना बरे वाटले. आणि खऱ्या हगवणीची काही मुले बाटली परत गेल्यामुळे औषधावाचून राहिली, हेही आबांकडूनच कळे. एखादी चिंधी हातात धरून ते म्हणत, “ही आता नगं,” म्हणजे ते मूल गेलेले असे. ती मुले किती, याची नोंद कोणी ठेवली नाही.

पुढच्या पावसाळ्यात, पंचमीच्या सुमारास, गंगू आली. बाजाराचा दिवस नव्हता. भाज्याहून लोणावळ्यापर्यंत ती चालत आली होती, कारण गाडीची वाट पाहायला ती थांबली नव्हती. कडेवर धाकटी मुलगी होती, सगुणा, चार-पाच वर्षांची. दोघी चिंब भिजलेल्या होत्या.

“बाई, ही बी तसंच करती,” ती म्हणाली. “भिताडाला धरून हुबी ऱ्हाती. टाचा वर करून. म्या सकाळी बगितलं आन् तशीच उचलली.”

“कपडे भरतात?”

“न्हाई.”

“शौचाला होते?”

“व्हते. रोज बगते म्या. पर ती पन आदी रोजच जायची न्हवं?”

मी सगुणाला टेबलावर निजवले. ती घाबरली नव्हती. छताकडे पाहत होती. मी हात कोमट करून पोटावर ठेवला आणि डाव्या बाजूने खाली तपासत गेले. गोळा नव्हता. डॉक्टरांनीही पाहिले. त्यांनाही काही लागले नाही.

“भिंतीजवळ काय करत होतीस ग?” मी सगुणाला विचारले.

“नाचत व्हते.”

“असं नाचायला कुणी शिकवलं?”

“अक्कानं.”

डॉक्टर बाहेरच्या खोलीत गेले. गंगू टेबलाची कड धरून उभी होती.

“बाई,” ती म्हणाली, “आनखी एक डाव दाबून बगा.”

मी पुन्हा दाबून पाहिले. पोट मऊ होते.